हलका हात

ॲम्ब्युलन्स शीळफाट्याला अडकली तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. पुढे तीन ट्रेलर आडवेतिडवे उभे, मागे पार मानपाड्यापर्यंत गाड्यांची रांग, आणि आत स्ट्रेचरवर दिशा. तेवीस वर्षांची मुलगी, पण श्वास घेताना तिच्या गळ्याखालचा खड्डा असा आत ओढला जात होता की पंढरीला तिच्याकडे बघवत नव्हतं. तो तिचा सख्खा काका. तिच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क हाताने दाबून धरून तो बसला होता. समोरच्या बाकावर तिचा बाप, म्हणजे पंढरीचा थोरला भाऊ शिवराम, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसला होता, बँकेत नंबर लागायची वाट बघत बसतात तसा.

"काका," दिशा मास्कमधून म्हणाली, "उजवीकडे काहीतरी फुटलं."

"काही फुटलेलं नाही गं. बोलू नकोस. श्वास घे."

"घेतेय. जात नाहीये आत."

पंढरीने वाकून तिच्या छातीला कान लावला. डाव्या बाजूला घरघर ऐकू येत होती. उजव्या बाजूला काहीच नव्हतं. रिकाम्या खोलीच्या दाराला कान लावावा तसं. त्याने पुन्हा लावला, जरा खाली लावला, पाठीकडून लावला. काही नाही.

"मानकोलीच्या पुलावरून नेली असती," ड्रायव्हर पुढून म्हणाला, "पण सगळी डोंबिवली पार करावी लागली असती तिकडे जायला."

"हॉर्न वाजव तू," शिवराम म्हणाला. सकाळपासून तो बोलला ते हे पहिलं वाक्य.

ठाण्याच्या हॉस्पिटलात पोहोचायला आणखी चाळीस मिनिटं लागली. इमर्जन्सीत एका तरुण डॉक्टरने एक्स-रे बघितला न बघितला आणि दिशाच्या बरगड्यांच्या मधून नळी घातली. नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्यात होतं. पाण्यातून भसाभसा बुडबुडे आले, आणि दिशाचे काळे-निळे पडलेले ओठ हळूहळू माणसाच्या रंगाचे झाले. फुप्फुस फुटून छातीत हवा साठली होती. पंढरीने असलं काही तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

तीस वर्षं म्हणजे त्याची नोकरी. पंढरी घाग नौपाड्यातल्या एका जुन्या दवाखान्यात कंपाउंडर होता. संगमेश्वराकडच्या गावातून बारावी करून आला तो थेट तिथेच चिकटला. आधी पुड्या बांधायचा, मग इंजेक्शनं द्यायला लागला, मग सलाईन. त्याचा हात हलका म्हणून सगळीकडे नाव होतं. दोन वर्षांचं पोर दंडात सुई जाऊन बाहेर आली तरी रडायचं विसरायचं. म्हाताऱ्यांच्या हातावरच्या सुतासारख्या शिरा, ज्या मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सना चार-चारदा टोचूनही सापडत नसत, त्या पंढरी नुसत्या बोटाने चाचपून एका झटक्यात पकडायचा. तो कोपरीत राहायचा. संध्याकाळी घरी जाता-जाता आसपासच्या चार-पाच घरांत त्याची फेरी असायची. कुणाला अशक्तपणाची बाटली, कुणाला बी-ट्वेल्व्ह. आणि घाग मंडळींत तर कुणाला शिंक आली तरी आधी फोन पंढरीला.

दिशाच्या बाबतीतही तसंच झालेलं. सप्टेंबरात तिला डेंग्यू झाला, तो उतरला. तीन आठवड्यांनी पुन्हा ताप आला, थंडी वाजून, दात वाजून. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी पाच दिवसांचं अँटिबायोटिक दिलं, ताप गेला. आठ दिवसांनी परत आला. परत गोळ्या, परत बरं, परत ताप. मग खोकला सुरू झाला आणि श्वास घेताना बरगडीत कळ. दिवाळीच्या आधी एक्स-रे काढला तर दोन्ही फुप्फुसांवर डाग, त्यांतल्या दोन-तीन डागांना मध्ये भोकं. कल्याणच्या एका छातीच्या डॉक्टरांनी टीबी सांगितला. थुंकीत जंतू सापडले नाहीत, पण असं पुष्कळदा होतं म्हणाले, आणि गोळ्या सुरू केल्या.

दिशाच्या आईचा, कलावतीवहिनींचा, यावर विश्वास बसत नव्हता. त्यांना पंढरीनेच समजावलं होतं. "वहिनी, टीबीचं आता काही नाही. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, विषय संपला. माझ्यासमोर शेकडो बरे झालेत." त्याला बारा दिवस झाले आणि आज सकाळी दात घासता-घासता दिशा बेसिनपाशीच खाली बसली.

* * *

दुपारी डॉ. ऐश्वर्या लेले आल्या. चाळिशीच्या, बारीक आवाजाच्या, पायांत कापडी बूट. त्यांनी दिशाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि काढलाच नाही. फुप्फुसांवर थोडा वेळ, आणि मग छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला, खालच्या बाजूला, कितीतरी वेळ. "श्वास घे. धरून ठेव. सोड. परत घे." मग स्टेथोस्कोप गळ्यात टाकून त्यांनी विचारलं, "हिच्या हृदयाला काही प्रॉब्लेम होता का लहानपणी?"

"नाही," शिवराम म्हणाला. "कधी दवाखाना नाही बघितला हिने."

"रक्त कल्चरला पाठवते. उद्या सकाळी हृदयाची सोनोग्राफी करू. टीबीच्या गोळ्या तूर्त बंद."

पंढरी मध्ये पडला. तो म्हणाला, गोळ्या मध्येच बंद केल्या तर टीबी उलटतो. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं. "मला हा टीबी वाटत नाही," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांनी शिवरामला, वहिनींना आणि पंढरीला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दिशाचं हृदय दिसत होतं. करड्या रंगाचं, उघडझाप करणारं. उजव्या बाजूच्या झडपेवर काहीतरी लोंबत होतं आणि प्रत्येक ठोक्याला फडफडत होतं, ओल्या चिंधीसारखं.

"ही जंतूंची गाठ आहे," डॉ. ऐश्वर्या म्हणाल्या. "जवळपास दोन सेंटिमीटरची. रक्ताच्या कल्चरमध्येही जंतू वाढायला लागलेत. आजार मुळात फुप्फुसांचा नाहीच, हृदयाच्या झडपेचा आहे. उजवीकडचं रक्त थेट फुप्फुसांत जातं. त्यामुळे या गाठीचे बारीक बारीक तुकडे सुटून महिनाभर तिच्या फुप्फुसांत जाऊन बसतायत. जिथे बसले तिथे पू झाला, भोक पडलं. एक्स-रेवर ते टीबीसारखंच दिसतं. काल त्यातलं एक भोक बाहेरच्या बाजूला फुटलं."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला. शिवराम पडद्याकडे एकटक बघत होता.

"पण हे हृदयात गेलं कसं?" त्याने विचारलं.

"तेच मला तुम्हाला विचारायचंय." डॉक्टर म्हणाल्या. "उजव्या झडपेला असं होणं दुर्मीळ असतं. निरोगी, तरुण माणसात तर फारच. जंतू शिरेतून आत जावे लागतात. बहुतेकदा आम्ही हे जी मुलं नशेची इंजेक्शनं घेतात त्यांच्यात बघतो. मी तिच्यावर आरोप करत नाहीये. पण मला खरं कळायला हवं. दिशा शिरेतून काही घेते का?"

शिवरामची मुलगी एका विमा कंपनीच्या ऑफिसात काम करत होती, रविवारी आईला चकल्या पाडू लागत होती. 'नशा' हा शब्द त्याच्या घरात पेपरातून सोडला तर कधी शिरला नव्हता.

पंढरीने मात्र 'नशा' हा शब्द ऐकलाच नव्हता. त्याने 'शिरेतून' ऐकलं.

सप्टेंबरातले ते पाच दिवस. डेंग्यूने दिशाच्या पेशी कमी झालेल्या, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. डोंबिवलीचे डॉक्टर ॲडमिट करू म्हणत होते. पंढरीच म्हणाला, कशाला, मी आहे ना. रोज संध्याकाळी कामावरून थेट डोंबिवलीला जाऊन त्याने खिडकीच्या गजाला बाटली टांगून तिला सलाईन लावलं. पहिल्या दिवशी डाव्या हाताच्या मनगटाच्या वर सुई घातली, आत प्लॅस्टिकची बारीक नळी ठेवली, वर चिकटपट्टी. पोरीला रोज-रोज टोचायला नको, म्हणून ती नळी त्याने काढलीच नाही. पाच दिवस. दिशा त्याच हाताने भात कालवायची नाही एवढंच, बाकी अंघोळ, कपडे, सगळं त्याच हाताने. चौथ्या दिवशी म्हणाली होती, "काका, इथे दुखतंय. लाल पण झालंय." त्याने बघितलं. शीर दोरीसारखी कडक लागत होती. त्याने त्यावर मलम चोळलं आणि म्हणाला, "होतं तेवढं. उद्याची एक बाटली झाली की काढतो."

"विचार करून सांगा," डॉ. ऐश्वर्या म्हणत होत्या. "आणि एचआयव्हीच्या तपासणीसाठी सही लागेल. ती सगळ्यांचीच करतो आम्ही."

शिवरामने सही केली. त्याच्या सहीतला 'घा' कागदाच्या रेघेखाली घसरला.

खोलीतून बाहेर पडून तो थेट दिशाच्या कॉटपाशी गेला. वहिनी त्याच्या मागे, वहिनींच्या मागे पंढरी. दिशा उशांना टेकून बसली होती, कुशीतून नळी, नाकाला ऑक्सिजन. शिवराम आवाज चढवणारा माणूस नव्हता. तो वाकून हळूच म्हणाला, "दिशा, मी मारणार नाही, ओरडणार नाही. खरं सांग. तू इंजेक्शनं घेतेस?"

"कसली इंजेक्शनं?"

"नशेची."

दिशाला आधी कळलंच नाही. मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते पंढरीने भावाच्या खांद्यावरून पाहिलं आणि ते त्याला पुढे कितीही प्रयत्न केला तरी पुसता आलं नाही. ती रागावली नाही. नुसती बघत राहिली, ओळखीच्या माणसाच्या जागी कुणी भलताच येऊन बसल्यासारखी.

"बाबा," ती म्हणाली, "मी?"

"मग शिरेतून गेलं कसं? डॉक्टर खोटं बोलतात का?"

"मला नाही माहीत." तिला धाप लागली. "आई, तू सांग ना त्यांना."

वहिनी दिशाचे पाय दाबत होत्या, आणि हळूच तिच्या कोपराच्या आतली बाजू बघत होत्या. टोचल्याच्या खुणा शोधत होत्या.

आता पंढरीने बोलायला हवं होतं. "दादा, ती सुई मी..." एवढंच तर म्हणायचं होतं. पण त्याने दिशाच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. तिथे आता एक फिकट तपकिरी डाग होता, मसुराएवढा. बाकी काही नाही.

आणि मग त्याला दुसरंच आठवलं. कमळाबाई.

"मी येतो जरा जाऊन," तो म्हणाला आणि निघाला.

* * *

कमळाबाई पंढरीच्याच बिल्डिंगीत, कोपरीला, तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. वय अठ्ठ्याहत्तर. परवा संध्याकाळी त्याने त्यांना सलाईन लावलं होतं, आणि चार दिवसांचा कोर्स म्हणून सुई हातातच ठेवली होती.

रिक्षातून उतरून तो तीन मजले धावत चढला. कमळाबाई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या, हातावर चिकटपट्टी, त्यावर मेथीची पानं चिकटलेली.

"अरे पंढरी, तू आत्ता? संध्याकाळी यायचास ना?"

"हात बघू."

त्याने साबणाने हात धुतले, दोनदा. चिकटपट्टी त्याने अशी खसकन ओढली की म्हातारी कळवळली. तीस वर्षांत त्याच्या हाताने कुणी कळवळलं नव्हतं. नळी निघाली. खाली त्वचा स्वच्छ होती, लाली नव्हती, सूज नव्हती. त्याने कापूस दाबून धरला आणि तसाच पलंगाच्या कडेला बसून राहिला.

"काढलीस का रे? दोन बाटल्या राहिल्यात की अजून."

"आता नाही लावायचं, आजी. ताप आला, थंडी वाजली तर लगेच हॉस्पिटलात जायचं. मला नाही विचारायचं. सरळ हॉस्पिटलात."

"तुला झालंय काय?"

तो उतरून घरी गेला आणि बायकोला, संचिताला, सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"डॉक्टरांनी सांगितलं का, त्यामुळेच झालं म्हणून?"

"त्यांना माहीतच नाही सुईचं."

"मग तुम्ही कशाला सांगताय?" संचिता दबक्या आवाजात म्हणाली. "औषधं चालू झालीत ना? झालं तर मग. अहो, शिवरामदादा तुमचं तोंड बघणार नाहीत. दवाखान्यातली नोकरी जाईल. पोलीस केस झाली तर? तुम्ही तिच्या भल्यासाठीच केलंत."

"ते तिला विचारतायत, नशा करतेस का म्हणून."

"बरी झाली की कळेल त्यांना. पोरगी साधी आहे, सगळ्यांना माहितीये."

पंढरीला ते ऐकायचंच होतं, आणि ऐकल्यावर स्वतःची शिसारी आली. तरी तो ताटावर बसला, दोन घास खाल्ले, आणि परत हॉस्पिटलात गेला.

तिथे भेटायच्या वेळेला मितेश आला होता. मितेश दिशाच्या ऑफिसातला. शीळफाट्याजवळच्या गावचा, घरची जमीन रस्त्यात गेलेली, मोठी मोटारसायकल, गळ्यात सोन्याची चेन. दोघांचं जमलंय हे वहिनींना माहीत होतं, शिवरामला संशय होता. त्या दिवशी त्याच्या डोक्यात सगळं एकत्र जुळलं. लिफ्टच्या समोर, दहा माणसांच्या देखत, साठीला आलेल्या शिवरामने त्या पोराची कॉलर धरली.

"काय दिलंस माझ्या मुलीला?"

"काका, मी काय दिलं?" मितेशने हात वर केले. त्याच्या एका हातात शहाळ्याची पिशवी होती. "मी भेटायला आलेलो."

"इंजेक्शनं. तुम्हा लोकांकडे पैसा आला आणि ही असली थेरं आली. माझ्या घरात आणलंस ते."

मितेशला काही कळेना. त्याने कॉलर सोडवून घेतली नाही, उलट शब्द बोलला नाही, फक्त त्याचे कान लाल झाले. वॉचमन मध्ये आला. मितेशने शहाळी बाकावर ठेवली आणि जिन्याने उतरून गेला. पंढरी चार पावलांवर उभा होता. मितेशने जाताना त्याच्याकडे पाहिलं, हा घरातला शहाणा माणूस, हा तरी काही बोलेल, अशा नजरेने.

पंढरीने बाकावरची शहाळी उचलली आणि दिशाकडे नेली.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दिशाचं डावं फुप्फुसही फुटलं.

पंढरी तेव्हा तिथेच होता. शिवराम अंघोळीला घरी गेला होता, वहिनी बाकावर डुलकी घेत होत्या. दिशा चहाचा कप ओठांना लावत होती, तो हातातून सुटला. नंतर सगळं फार भराभर झालं. नर्स धावल्या, पडदे ओढले गेले, कुणीतरी पंढरीला बाहेर ढकललं. पडद्याखालून त्याला डॉक्टरांचे बूट तेवढे दिसत होते, आणि फरशीवर पसरलेला चहा. मग कॉट ढकलत तिला आयसीयूत नेली. जाताना दिशाचे डोळे उघडे होते, पण ती कुणाकडेच बघत नव्हती.

अर्ध्या तासाने डॉ. ऐश्वर्या बाहेर आल्या. दुसरी नळी टाकली होती. आता श्वासाचं मशीन लावावं लागणार होतं, आणि फाटलेल्या फुप्फुसाला मशीनची हवा सोसेल की नाही, हे सांगता येत नव्हतं.

"डॉक्टर," पंढरी म्हणाला. "तिच्या हातात सलाईनची सुई होती. सप्टेंबरात. मी ठेवली होती. पाच दिवस."

डॉक्टर थांबल्या.

"घरी?"

"घरी. चौथ्या दिवशी लाल झालेलं. शीर कडक लागत होती. मी काढली नाही."

"तुम्ही कोण?"

"तिचा काका. कंपाउंडर आहे मी."

डॉ. ऐश्वर्यांनी त्याला आणखी चार प्रश्न विचारले. सुई कुठे घातली, बाटली रोज नवी होती का, नळी धुवायला काय वापरलं, ताप नेमका कधी परत आला. सगळं त्यांनी फाईलमध्ये लिहून घेतलं. पंढरी वाट बघत होता, आता ओरडतील, आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत.

"बहुतेक तेच," त्या म्हणाल्या. "त्वचेवरचाच जंतू आहे. लाल झाली त्या दिवशी शिरेत पू झाला असणार."

"मी काल सांगितलं असतं तर आज हे..."

"नाही. औषध तेच चालू आहे, कल्चरवरून दिलेलं. आजचं काही टळलं नसतं." त्यांनी फाईल बंद केली. "तिच्या वडिलांना माहितीये?"

"नाही."

"मग मला नका सांगत बसू."

शिवराम नऊ वाजता आला. आयसीयूच्या बाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या, तिथे वहिनींच्या शेजारी तो बसला. पंढरीने खुर्ची ओढली नाही. दोघांच्या समोर उभ्या-उभ्याच त्याने सांगितलं. सांगताना त्याने एकही गोष्ट गाळली नाही, मलमही नाही, "होतं तेवढं" म्हटल्याचंही नाही.

शिवरामला बराच वेळ अर्थ लागत नव्हता. "कुठली सुई?" त्याने विचारलं. "तू लावलेलीस ती? ती तर औषधाची होती." मग त्याच्या नजरेसमोर ते सगळं आलं असावं, कारण त्याने आपलं डावं मनगट उजव्या हाताने घट्ट धरलं आणि मान खाली घातली. पंढरीला वाटलं, उठून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण शिवराम उठला नाही. "माझ्या पोरीला मी..." एवढंच म्हणाला.

बोलल्या त्या वहिनी. आयुष्यात कधी त्या दिराला वेडावाकडा शब्द बोलल्या नव्हत्या.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "परवा हे तिला विचारत होते, तेव्हा तुम्ही माझ्या मागेच उभे होतात."

"परवा नाही वहिनी, काल," पंढरी म्हणाला.

"काल," वहिनी म्हणाल्या. "मला वाटलं किती दिवस झाले."

त्या उठून काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. शिवरामने खिशातून मोबाईल काढला, कुणाचा तरी नंबर शोधायला लागला, आणि सापडेना म्हणून पंढरीकडे न बघताच म्हणाला, "त्या मुलाचा नंबर कुणाकडे असेल?"

* * *

दिशा सहा दिवस मशीनवर होती. सातव्या दिवशी मशीन निघालं. झडपेवरची गाठ औषधाने बारीक होत गेली, तरी आणखी दोनदा ताप चढला. एकदा ऑपरेशन करून झडप दुरुस्त करायची वेळ आली होती, तारीखही ठरली होती, पण ती टळली. शिरेतून अँटिबायोटिक सहा आठवडे चाललं. त्यासाठी तिच्या दंडातून एक लांब नळी टाकली होती, आणि नर्स दर वेळी ती हाताळण्याआधी हातमोजे घालून नळीच्या तोंडावरची टोपी स्पिरिटने घासायची. पंढरी हे काचेतून बघायचा. आत जायची त्याला बंदी कुणी केली नव्हती. त्याचं त्यालाच पाऊल उचलत नव्हतं.

दवाखान्यात त्याने स्वतःच जाऊन सांगितलं. आता दवाखाना चालवणारे धाकटे डॉक्टर म्हणाले, पंढरीभाऊ, असं कधीतरी होतं, मनाला लावून घेऊ नका. त्याला त्या बोलण्याचा दिलासा वाटला नाही, भीती वाटली. त्याने केसपेपर काढायचं आणि औषधं द्यायचं काम ठेवलं, सुई सोडली. संध्याकाळची फेरीही बंद केली. कोपरीतल्या लोकांना राग आला. कमळाबाई तर दहा दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, आणि मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावून बाटली लावून घेतली. तो वर गेला, जंतू कसा आत जातो ते समजावून सांगत बसला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्याचा हात तुझ्यासारखा नाही रे, लई दुखतं."

जानेवारीत दिशा घरी आली. फेब्रुवारीत एका रविवारी वहिनींचा फोन आला. "दिशा बोलावतेय तुम्हाला." बाकी काही नाही.

पंढरी डोंबिवलीला गेला. दार मितेशने उघडलं. "या काका," म्हणाला आणि आतल्या खोलीकडे बोट दाखवून स्वयंपाकघरात वहिनींना मदत करायला गेला. शिवराम पेपर वाचत होता. त्याने "बस" म्हटलं, आणि पेपर खाली घेतला नाही.

दिशा खिडकीशी बसली होती, अर्धी झालेली, केस कापलेले. तिच्या हातात श्वासाच्या व्यायामाचं खेळणं होतं, तीन नळ्यांत तीन चेंडू, तोंडाने हवा ओढली की वर जाणारे.

"मला नीट सांगा, काय झालं ते," ती म्हणाली. "सगळे तुकड्या-तुकड्यांत सांगतात. तुम्ही पहिल्यापासून सांगा."

त्याने सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. सुईचं ऐकताना तिने मान हलवली, मलमाचं ऐकताना स्वतःच्या मनगटाकडे बघितलं.

"मी दुखतंय म्हणाले होते."

"हो."

"मग का नाही काढलीत?"

याचं उत्तर पंढरी तीन महिने शोधत होता. "मला वाटलं, मला कळतं," तो म्हणाला.

दिशाने चेंडूंचं खेळणं मांडीवर ठेवलं. "त्याचं मला तितकं नाही वाटत. चूक झाली तुमची. बाबांनी विचारलं ना त्या दिवशी, तेव्हा मी एकेकाकडे बघत होते, कुणीतरी माझ्या बाजूने बोलेल म्हणून. तुमच्याकडे पण बघितलं. तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"बरं," ती म्हणाली.

तिने खेळणं तोंडाला लावलं आणि हवा ओढली. पहिला चेंडू वर गेला, दुसरा निम्म्यापर्यंत जाऊन पडला. तिला खोकला आला. पंढरी पाण्याचा ग्लास द्यायला उठला, तेवढ्यात तिने हातानेच नको म्हटलं आणि तो ग्लास स्वतः उचलला.

एप्रिलमध्ये ती ऑफिसला जायला लागली, अर्धा दिवस. दोन जिने चढली की तिला थांबावं लागतं. झडप थोडी गळते, दर सहा महिन्यांनी तपासावी लागते, आणि पुढेमागे ऑपरेशन लागेल की नाही हे डॉ. ऐश्वर्यासुद्धा आज सांगू शकत नाहीत. शिवरामने मितेशच्या घरी जाऊन, त्याच्या आईवडिलांसमोर त्याची माफी मागितली. लग्न पुढच्या वर्षी ठरलंय. पंढरीला आमंत्रण असेल, वहिनींनी तसं संचिताला सांगितलंय. दिशा त्याला अजून काका म्हणते, घरी गेला की चहा करते, आजकाल थोडं हसतेही. फक्त काही दुखलं-खुपलं तर ते ती त्याच्यासमोर बोलत नाही, आणि तोही विचारत नाही.